फोर्थ भाषेंत बांधलेला एक लहानसा सर्व्हर

बँकेंत, टपाल कचेरींत किंवा एखादा दाखला आणावयास तालुक्याच्या गांवीं गेलें असतां ‘सर्व्हर डाऊन आहे’ हें वाक्य ज्याच्या कानीं पडलें नाहीं, असा मनुष्य आज महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. खिडकीपलीकडील गृहस्थ तें वाक्य अशा स्वरांत उच्चारतात कीं, जणूं पाऊस किंवा भरती-ओहोटी यांप्रमाणें तीही एक दैवाधीन गोष्ट आहे. आणि खिडकीअलीकडील माणसें निमूटपणें बाकावर जाऊन बसतात. गेल्या वर्षीं इयत्ता नववीच्या तासाला एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, हा सर्व्हर असतो कोठें, आणि तो डाऊन होतो म्हणजे त्याचें होतें तरी काय?” प्रश्न साधा होता; पण उत्तर देतांना मी जें कांहीं बोललों तें माझें मलाच पटलें नाहीं. अखेरीस ठरलें कीं, प्रयोगशाळेंत एक जुना संगणक अडगळींत पडला आहे, त्यावर आपणच एक सर्व्हर बांधावा आणि तो कसा पडतो तें डोळ्यांनीं पाहावें. त्या उद्योगाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम शब्दाचा अर्थ. सर्व्हर म्हणजे सेवक. तो एखादें निराळें अद्भुत यंत्र नव्हे. कोणत्याही संगणकावर असा एक प्रोग्राम चालू ठेविला कीं, जो दाराशीं बसून राहतो, कोणी येऊन अमुक पान द्या असें म्हणालें तर तें पान देतो, आणि दार लावून पुढच्याची वाट पाहतो, कीं झाला वेब-सर्व्हर. आपल्या हातांतील फोनवर जो ब्राउझर असतो तो मागणारा, हा देणारा. मागणें आणि देणें यांची बोलण्याची रीत ठरलेली आहे, तिला एचटीटीपी म्हणतात. जिनिव्हा शहराजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं या सर्व व्यवस्थेची कल्पना मांडली, आणि १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर तेथील एका संगणकावर चालूं लागला. त्या वेळची बोलण्याची रीत इतकी सुटसुटीत होती कीं, पाहुण्यानें एक ओळ म्हणावयाची, ‘गेट’ आणि पुढें पानाचें नांव. यजमानानें तें पान द्यावयाचें आणि संभाषण संपवावयाचें. पुढें १९९६ सालीं एचटीटीपीची १.० ही आवृत्ति लेखी स्वरूपांत प्रसिद्ध झाली. तिच्यांत थोडा शिष्टाचार वाढला, परंतु सांगाडा तोच राहिला. आम्ही हीच आवृत्ति डोळ्यांपुढें ठेविली.

आतां भाषा कोणती घ्यावी? आजकाल बहुतेक भाषांत ‘सर्व्हर दे’ असें म्हटलें कीं सर्व्हर मिळतो. पण मग आंत काय झालें तें कळत नाहीं. घड्याळ विकत घेणें आणि घड्याळ उघडून पाहणें यांत जो फरक, तोच येथें. म्हणून मी मुद्दाम फोर्थ ही भाषा निवडली. ती लहान आहे, उघडी आहे, आणि तिच्यांत चूक केली तर ती लगेच अंगावर येते. शिकणाऱ्यास हा मोठाच लाभ आहे.

फोर्थचें सर्व कामकाज चळतीवर चालतें. वसतिगृहाच्या भोजनगृहांत धुतलेल्या ताटांची चळत रचून ठेविलेली असते. नवें ताट ठेवावयाचें तें वर, आणि उचलावयाचें तेंही वरचेंच; मधलें ताट ओढूं गेल्यास काय होतें हें वसतिगृहांतील मुलांस सांगावयास नको. फोर्थमध्यें आकडा लिहिला कीं तो चळतीवर जाऊन बसतो. क्रिया लिहिली कीं ती वरचे आकडे उचलते आणि उत्तर परत वर ठेविते. उदाहरणार्थ,

३ ४ + ५ *

ही ओळ घ्या. तीन वर बसला. त्यावर चार बसला. अधिक चिन्हानें दोघांना उचलून सात ठेविला. त्यावर पांच बसला. गुणाकारानें सात व पांच उचलून पस्तीस ठेविला. कंस नाहींत, आणि आधीं गुणाकार कीं आधीं बेरीज हा वादही नाहीं. पोलंडमधील तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांनीं क्रियेचें चिन्ह आकड्यांच्या आधीं लिहिण्याची रीत काढली होती. येथें तें मागून येतें, म्हणून या लेखनास ‘उलटी पोलिश पद्धति’ असें नांव पडलें. इंग्रजी बोलणाऱ्यास ती उलटी वाटते खरी. आपणांस तशी वाटण्याचें कारण नाहीं. ‘तीन आणि चार मिळव’ असेंच आपण म्हणतों. आपलें क्रियापद शेवटींच येतें. आमच्या वर्गांतील मुलांनीं ही पद्धति एका तासांत आत्मसात केली आणि नंतर कंसांबद्दल तक्रार करूं लागलीं!

ही भाषा चार्ल्स मूर या अमेरिकन गृहस्थांनीं एकट्यानें रचली. १९६८ च्या सुमारास तिला आकार आला. चौथ्या पिढीच्या संगणकांची भाषा म्हणून तिचें नांव इंग्रजींत ‘चौथी’ या अर्थाचें ठेवावयाचें होतें; परंतु त्यांच्यापाशीं असलेल्या आयबीएम ११३० या यंत्रावर कोणत्याही नांवास पांचच अक्षरें चालत, आणि त्या इंग्रजी शब्दाचीं होतात सहा; तेव्हां एक अक्षर गाळून ‘फोर्थ’ झालें. पुढें अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ-ज्योतिष वेधशाळेच्या ॲरिझोनांतील किट पीक येथील दुर्बिणीचें नियंत्रण याच भाषेंत होऊं लागलें. तेथें एलिझाबेथ रॅदर या बाई मूर यांच्या खालोखालच्या दुसऱ्या फोर्थ-जाणकार झाल्या. आणि १२ नोव्हेंबर २०१४ रोजीं ‘फिली’ नांवाचें यान एका धूमकेतूच्या पृष्ठावर उतरलें, त्यांतील संगणकही फोर्थच्या चळतीवर चालणारेच होते. अडगळींतील यंत्रावर जी भाषा सहज मावते तीच धूमकेतूवरही गेली, हें मुलांना सांगतांना मला थोडा अभिमान वाटला, जरी त्यांत माझें कर्तृत्व कांहींच नव्हतें.

फोर्थचा दुसरा विशेष म्हणजे तिचा शब्दकोश. दोन मोकळ्या जागांच्या मध्यें जें कांहीं असेल तो शब्द. यंत्र तो शब्द आपल्या कोशांत शोधतें. सांपडला तर त्याप्रमाणें वागतें. न सांपडला तर तो आकडा आहे काय तें पाहतें. तेंही नसेल तर तक्रार करतें. इतकाच तिचा व्याकरणग्रंथ. नवा शब्द घडविण्यास आरंभीं दुबिंदु आणि शेवटीं अर्धविराम ठेवावयाचा:

: वर्ग नक्कल * ;

‘नक्कल’ म्हणजे चळतीवरील वरच्या वस्तूची आणखी एक प्रत वर ठेवणें. आतां ‘७ वर्ग’ असें लिहिलें कीं चळतीवर ४९ येतात. नांवांवर कोणतेंही बंधन नसल्यामुळें शब्द मराठींतही ठेवितां येतात. आम्ही मूळच्या इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द देऊन काम केलें, आणि खालील ओळी त्याच रूपांत दिल्या आहेत. आकडे मात्र यंत्राला रोमन लागतात, आणि एचटीटीपीचे ठराविक शब्दही तारेवरून रोमन लिपींतच जातात. छपाईच्या सोयीसाठीं येथें सर्व आपल्या लिपींत उतरविलें आहे, हें प्रयोग करूं इच्छिणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

आमच्या यंत्रावर जीफोर्थ ही विनामूल्य मिळणारी फोर्थ होती. तिच्याबरोबर दाराशीं बसण्याचे शब्द तयारच येतात. त्यांस आम्हीं अशीं नांवें दिलीं: ‘दार-उघड’ दाराचा क्रमांक घेतें आणि उघडलेलें दार चळतीवर ठेवितें, ‘कान-दे’ त्या दाराशीं ऐकूं लागतें, ‘आंत-घे’ पाहुणा येईपर्यंत थांबतें आणि आला कीं त्याच्याशीं बोलण्याचा दुवा चळतीवर ठेवितें, ‘वाच’, ‘लिही’ आणि ‘बंद’ यांचा अर्थ उघडच आहे. वेबचें नेहमीचें दार ८० क्रमांकाचें. परंतु १०२४ च्या खालचीं दारें सामान्य वापरणाऱ्यास सहसा उघडतां येत नाहींत, म्हणून ८०८० घेतलें. सर्व्हरचा गाभा एवढाच:

: मागणी-वाच ( दुवा -- पत्ता लांबी )
 खोली ४०९६ वाच ;

: पाहुणचार ( दुवा -- )
 नक्कल मागणी-वाच पान-शोध
 तिसऱ्याची-प्रत उत्तर-पाठव
 बंद ;

: सेवा ( दार -- )
 सुरुवात नक्कल आंत-घे पाहुणचार पुन्हां ;

८०८० दार-उघड नक्कल ५ कान-दे सेवा

कंसांत लिहिलेलें यंत्र वाचीत नाहीं. तें माणसांसाठीं आहे. आडव्या रेषांच्या डावीकडे शब्द काय उचलतो, उजवीकडे काय ठेवितो, याची ती नोंद. फोर्थ लिहिणाऱ्यानें ही नोंद न चुकतां करावी, असा माझा आग्रह आहे. कारण चळतीचा हिशेब मनांत ठेवतां ठेवतां भल्याभल्यांची तारांबळ उडते.

‘पाहुणचार’ सावकाश वाचून पाहूं. आरंभीं चळतीवर पाहुण्याचा दुवा आहे. नक्कल केल्यावर दोन दुवे झाले. ‘मागणी-वाच’ त्यांतील एक खर्ची घालून पाहुण्यानें जें लिहिलें त्याचा स्मृतींतील पत्ता आणि लांबी ठेवितें. ‘पान-शोध’ तीं दोन उचलून त्यांच्या जागीं मिळालेल्या पानाचा पत्ता आणि लांबी ठेवितें. आतां तळाशीं दुवा, त्यावर पत्ता, त्यावर लांबी. उत्तर पाठवावयाचें तर दुवा वर पाहिजे. म्हणून वरून तिसऱ्या वस्तूची प्रत वर काढली. ‘उत्तर-पाठव’ वरचीं तिन्ही गिळतें. उरला तळाचा एक दुवा; तो ‘बंद’ला गेला आणि चळत होती तशी झाली.

आमच्या पहिल्या प्रयत्नांत ‘बंद’ लिहावयाचें राहिलें. गंमत अशी कीं, पहिल्या पाहुण्याला पान व्यवस्थित दिसलें. टाळ्याही झाल्या. दुसऱ्यानें फोन पुढें केला, आणि सर्व्हर चूक सांगून खालीं बसला. कारण काय? पहिल्याचा दुवा कोणीं न उचलल्यामुळें तो दाराच्या वर बसून राहिला. ‘सेवा’ पुन्हां सुरुवातीला आली आणि तिनें नक्कल केली ती दाराची नव्हे, तर त्या जुन्या दुव्याची. आणि मग संपलेल्या संभाषणाशीं कान लावून नवा पाहुणा आंत घेण्याची ती खटपट करूं लागली. एक ताट जागच्या जागीं न ठेवल्यानें सारी पंगत अडली. ‘डाऊन’ होण्याचा एक प्रकार आम्हीं अशा रीतीनें पहिल्याच दिवशीं पाहिला.

आतां उत्तराकडे वळूं. यजमानानें नुसतें पान फेकून चालत नाहीं. आधीं कांहीं ओळी म्हणावयाच्या असतात:

एचटीटीपी/१.० २०० ओके
कन्टेन्ट-टाइप: टेक्स्ट/प्लेन; चारसेट=यूटीएफ-८
कन्टेन्ट-लेंग्थ: ४०

नंतर एक रिकामी ओळ, आणि मग मजकूर. २०० म्हणजे मागितलेलें सांपडलें. ४०४ म्हणजे असें पान येथें नाहीं. प्रत्येक ओळ १३ आणि १० या दोन अंकांनीं संपते. तारेनें टंकलेखन करणाऱ्या जुन्या यंत्रांत छापण्याचा ठोकळा डावीकडे परत नेण्याची एक आज्ञा होती आणि कागद एक ओळ वर सरकविण्याची दुसरी. तीं यंत्रें गेलीं, परंतु त्यांच्या त्या दोन आज्ञा अशा संभाषणांत आजही जात-येत असतात.

तिसऱ्या ओळींतील ‘लेंग्थ’ म्हणजे मजकुराची लांबी. तिच्यापायीं जें घडलें तें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सर्व्हर चांगला चालूं लागल्यावर, शाळेच्या आवारांत फोनवर पाहतां यावी म्हणून वसतिगृहांत प्रवेश मिळालेल्या मुलांची यादी आम्हीं त्यावर ठेविली. यादीची लांबी यंत्रानेंच मोजली होती आणि ती बरोबर होती. मागाहून कोणीतरी म्हणालें, वर मथळा हवा. एका उत्साही विद्यार्थ्यानें ‘वसतिगृह प्रवेश’ हा मथळा यादीच्या आधीं पाठविण्याची सोय केली, बोटांवर अक्षरें मोजलीं (व, स, ति, गृ, ह, प्र, वे, श अशीं आठ, आणि मधली मोकळी जागा धरून नऊ) आणि लांबींत नऊ मिळविले. ओळ संपल्याची खूणही त्यानें विसरतां धरली होती. मीं पाहिलें, मथळा दिसतो, यादी दिसते. ठीक आहे म्हटलें.

यंत्र मात्र अक्षरें मोजीत नाहीं, बाइट मोजतें. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं यूटीएफ-८ ही लेखनपद्धति योजिली. तिच्यांत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. आणि खूण म्हणजे आपलें अक्षर नव्हे: ‘ति’ यांत त आणि वेलांटी अशा दोन खुणा, ‘प्र’ यांत प, पाय मोडल्याचें चिन्ह आणि र अशा तीन. ‘वसतिगृह’ या शब्दांत सात खुणा, ‘प्रवेश’मध्यें सहा; तेरा त्रिक एकोणचाळीस, आणि मोकळ्या जागेचा एक, मिळून चाळीस बाइट. आम्हीं सांगितले नऊ. एकतीस कमी पडले. ब्राउझर हा मोठा आज्ञाधारक प्राणी आहे. जितकी लांबी सांगितली तितकेंच तो घेतो. पुढें आलेलें सोडून देतो. म्हणून मथळा पुरा दिसला आणि यादीच्या शेपटाचे एकतीस बाइट गेले. यादींतील शेवटचें नांव दोन शब्दांचें होतें: खुणा दहा, मधली मोकळी जागा एक. बरोबर एकतीस! अर्धवट तुटलेलें अक्षर जरी शेवटीं दिसतें तरी कोणाला संशय आला असता. तसें कांहीं न होतां तें एक नांव मुळांतून नाहींसें झालें, आणि यादी जणूं त्याच्या आधींच संपली.

तो मुलगा व त्याचे वडील दूरच्या गांवाहून आले होते. फाटकाशीं शिपायानें आपल्या फोनवर यादी उघडून दाखविली. त्यांनीं ती दोनदां वाचली, कोणाला कांहीं न विचारतां दुपारच्या एस.टी.नें परत गेले. सायंकाळीं रेक्टरांनीं आपली लेखी यादी हातांत घेऊन पडद्यावरील नांवें मोजलीं तेव्हां चोवीसांच्या जागीं तेवीस भरलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं निरोप गेला. मुलगा आला, आणि आतां तो येथेंच शिकत आहे. लांबी बोटांनीं मोजणाऱ्या विद्यार्थ्याला कोणीं रागें भरलें नाहीं, कारण तपासण्याचें काम माझें होतें आणि तें मीं केलें नव्हतें. त्या दिवसापासून आमच्या प्रोग्रामांत लांबीचा एकही आकडा हातानें लिहिलेला नाहीं. फोर्थमध्यें मजकूर नेहमीं पत्ता आणि लांबी अशा जोडीनेंच चळतीवर असतो, आणि ती लांबी बाइटांतीलच असते. यंत्र आम्हांला खरा आकडा प्रथमपासून देत होतें, आम्हींच त्यांत आपला मिळविला.

आतां ‘पान-शोध’ राहिलें. पाहुण्याच्या मागणींतील दुसरा शब्द म्हणजे पानाचें नांव. सामान्यतः सर्व्हर त्या नांवाची फाइल उघडतो. परंतु पाहुण्यानें नांवांत दोन टिंबें घालून ‘एक पायरी वर’ असें सुचविलें, आणि पुन्हां एक पायरी, पुन्हां एक पायरी, तर तो पानांच्या कपाटांतून निघून थेट कचेरीच्या कपाटापर्यंत जाऊं शकतो. हा धोका आम्हीं निराळ्याच रीतीनें टाळला. फोर्थमध्यें ‘/यादी’ हें देखील शब्दाचें नांव होऊं शकतें. म्हणून प्रत्येक पान म्हणजे एक शब्द केला, आणि ते सर्व ‘पानें’ नांवाच्या एका वेगळ्या लहानशा कोशांत ठेविले:

: पान-शोध ( पत्ता लांबी -- पत्ता लांबी )
 दुसरा-शब्द पानें कोशांत-शोध
 तर चालव नाहींतर नाहीं-पान मग ;

सांपडलें तर तो शब्द चालव, नाहींतर ‘पान नाहीं’ असें सांगणारा मजकूर दे. (२०० कीं ४०४ हा आकडा एका निराळ्या डब्यांत ठेविला जातो आणि उत्तर पाठवितांना वाचला जातो.) फोर्थमध्यें अट आधीं आणि तिचा शब्द मागून येतो, इंग्रजीच्या कानाला हें विचित्र लागतें, परंतु ‘पाऊस आला तर’ असें बोलणाऱ्या आपल्या मुलांनीं त्या शब्दाचें भाषांतर ‘जर’ न करितां ‘तर’ केलें, आणि ओळ मराठीसारखी वाचतां येऊं लागली. एक सूचना: ब्राउझर ‘/यादी’ हा पत्ता असाच पाठवीत नाहीं, प्रत्येक बाइटाचीं तीन रोमन चिन्हें करून पाठवितो, म्हणजे य, काना, द, वेलांटी या चार खुणांचीं छत्तीस चिन्हें होतात. तीं उलगडणारा शब्द लिहीपर्यंत आम्हीं पत्ते रोमनमध्येंच ठेविले.

वेगळा कोश कशाला, असें एका मुलानें विचारलें. मोठ्या कोशांतच शोधलें तर एक शब्द वांचेल. तसें करून पाहूं दिलें. मग मींच पाहुणा होऊन पानाच्या नांवाऐवजीं फोर्थचा निरोप घेण्याचा शब्द पाठविला. सर्व्हरनें तो आपल्या कोशांत शोधला, अर्थातच त्याला तो सांपडला, आणि आज्ञेप्रमाणें सर्व्हर निरोप घेऊन चालता झाला. पाहुण्याचें बोलणें हें मागणें आहे. त्याला घरच्या धन्याची आज्ञा समजण्याची सोय ठेवली कीं घर गेलेंच. जर्मनींतील बर्न्ड पेसान यांनीं जीफोर्थसाठीं एक सर्व्हर लिहिला आहे, त्यांत तर ‘गेट’ हाच एक फोर्थ शब्द केला असून पाहुण्याची सारी मागणी फोर्थच्या दुभाष्याकडून वाचून घेतली आहे. युक्ति मोठी सुंदर आहे; परंतु तीही उभी आहे ती पाहुण्यापुढें मोजक्या शब्दांचाच कोश उघडा ठेवण्यावर.

‘खोली ४०९६ वाच’ यांतील आकड्याबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ‘खोली’ ही मागणी ठेवण्याची जागा, आणि ४०९६ तिची मर्यादा. मर्यादा न सांगतां वाचावयास बसलें तर काय होतें तें २ नोव्हेंबर १९८८ रोजीं जगानें पाहिलें. रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्राम अमेरिकेंतील हजारों संगणकांत पसरला. त्याच्या वाटांपैकीं एक अशी कीं, एका प्रचलित सर्व्हरनें ५१२ बाइटांची जागा राखली होती आणि येणारा मजकूर किती आहे हें न पाहतां तो तींत ओतला जात होता. जास्तीचा मजकूर कांठावरून सांडून चळतीवर, जेथें परत जाण्याचा पत्ता लिहिलेला असतो, तेथें पोंचला, आणि यंत्र परत गेलें तें पाहुण्यानें सांगितलेल्या ठिकाणीं. फोर्थ परतीचे पत्ते निराळ्या चळतीवर ठेविते खरी. पण स्मृतींत कोठेंही लिहूं पाहणाऱ्याचा हात ती धरीत नाहीं. तें काम लिहिणाऱ्याचें.

एवढें होऊनही आमचा सर्व्हर पडतोच, आणि कसा पडतो तें आतां मुलांना ठाऊक आहे. तो एका वेळीं एकाच पाहुण्याशीं बोलतो. कोणी दार ठोठावून आंत आला आणि गप्प बसला, तर ‘वाच’ त्याच्या तोंडाकडे पाहत बसतें, आणि मागें पांच जणांची रांग लागते. त्यापुढील लोकांना ‘सर्व्हर डाऊन’ दिसतो, जरी बिचारा सर्व्हर जागा असून अत्यंत सभ्यपणें वाट पाहत असतो. एकेक शब्द हळूहळू उच्चारून असें मुद्दाम अडविण्याची एक युक्ति ‘स्लोलोरिस’ या नांवानें २००९ सालीं प्रसिद्ध झाली आहे. शिवाय मागणी एकदम येतेच असें नाहीं. नळाच्या पाण्याप्रमाणें ती तुटक तुटक येऊं शकते, म्हणून रिकामी ओळ दिसेपर्यंत वाचीत राहावें लागतें, आणि तितका वेळ इतरांनीं काय करावें हा प्रश्न पुन्हां उभा राहतो.

जुन्या फोर्थ पद्धतींत याला एक उपाय आहे. अनेक कामें एकाच वेळीं हातीं घ्यावयाचीं, प्रत्येकाला त्याची स्वतःची चळत द्यावयाची, आणि ज्याला थांबावयाचें असेल त्यानें ‘पॉज’ म्हणून पाळी पुढच्याकडे द्यावयाची. अशा रीतीनें एक फेरी सतत चालूं राहते. गप्प बसलेला पाहुणा मग आपल्याच चळतीपुरता अडतो. तो शब्द ‘वाच’च्या पोटांत नेमका कोठें घालावा यावर सध्यां दहावीच्या दोन मुलांत मतभेद आहे. तूर्त पंधरा सेकंद बोलला नाहीं तर पाहुण्यास बाहेर काढावें असें ठरलें असून, वसतिगृहाची नवी यादी त्याच यंत्रावर आहे. चोवीसच्या चोवीस नांवें आहेत कीं नाहींत तें रेक्टर स्वतः रोज सकाळीं मोजतात.